दुसरा भाग काढा हो, पण पहिल्याला खोटं पाडू नका

भूलभुलैयाच्या दुसऱ्या भागावरचा माझा राग अजून गेलेला नाही. 2022 साली आला तो, धंदा जोरात केला, लोक हसले, किंचाळले, माझ्या पुढच्या रांगेतली पोरं तर भूत येण्याआधीच ओरडत होती, आणि मी मात्र अख्खा वेळ एकाच गोष्टीवर अडून बसलेलो की अरे बाबांनो, पहिल्या भागात तुम्हीच सांगितलं होतं ना की भूत नाहीये म्हणून? 2007 चा प्रियदर्शनचा तो सिनेमा आणि त्याचं मूळ असलेला 1993 चा मल्याळम मणिचित्रताळ, दोघांचाही जीव तेवढ्याच एका गोष्टीत होता. वाड्यात मंजुलिका वगैरे कुणी नाही, ती बाई आजारी आहे, तिला डॉक्टर पाहिजे. विक्रम गोखल्यांचा तो आचार्य, मंत्रतंत्रवाला माणूस, तोसुद्धा शेवटी डॉक्टरच्या बाजूने उभा राहतो. आमच्याकडे गोव्यात खेडेगावात अजूनही बाईला भार आला की आधी घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, विचारायची पद्धत आहे, दवाखाना नंतर, त्यामुळे एवढ्या मोठ्या मसाला पिक्चरने एवढी सरळ भूमिका घेतली होती याचं मला फार अप्रूप होतं. आणि पंधरा वर्षांनी तेच नाव, तीच मंजुलिका, तेच गाणं घेऊन दुसरा भाग येतो आणि म्हणतो, आहे हो भूत, खरंखुरं आहे, काळी जादूपण आहे. मग पहिला बघून आपण जे डोक्यात घेऊन घरी गेलो त्याचं काय करायचं?

सिक्वेलबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते इथेच सांगून टाकतो. सिक्वेल काढणं हा गुन्हा नाही. पैशासाठी काढला हाही गुन्हा नाही, पहिला काय धर्मादाय होता? पण पहिल्या भागाने प्रेक्षकाला एक शब्द दिलेला असतो, म्हणजे ही माणसं अशी आहेत, या जगात हे चालतं आणि हे चालत नाही, या गोष्टीची किंमत एवढी आहे. दुसऱ्या भागाने गोष्ट कितीही बदलावी पण तो शब्द मोडू नये. मोडायचाच असेल तर नवं नाव घ्या की, कोण अडवतंय.

‘तेच तेच दाखवतात’ ही जी नेहमीची तक्रार आहे ना, ती मला पटत नाही, आणि गोव्यातल्या माणसाने तर ती करूच नये. आपण जत्रेच्या नाटकांवर वाढलेली माणसं. रात्री उशिरा पडदा वर जाणार, पहाटेपर्यंत चालणार, तेच ऐतिहासिक नाटक पाच गावांत पाच वेगवेगळे हौशी संच करणार आणि आपण पाचही ठिकाणी शाल गुंडाळून बसणार. पुढचं वाक्य प्रॉम्प्टरच्या आधी प्रेक्षकाला येतं. तरी बघतो ना आपण? जत्रेतल्या काल्याच्या खेळातला संकासूर दरवर्षी तोच असतो, दशावतारात कोण मरणार ते लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे पुनरावृत्तीचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं. संगीत नाटकात वन्स मोअर मिळाला की गाणारा तेच पद परत घ्यायचा, पण जो खरा गाणारा असायचा तो दुसऱ्यांदा घेताना पहिल्यात नसलेली एखादी जागा काढायचा आणि म्हणून लोक तिसऱ्यांदा मागायचे. शब्द तेच, चाल तीच, राग तोच. राग बदलून चालायचं नाही आणि नुसतं पाठ म्हणूनही चालायचं नाही. सिक्वेलचंही मला तसंच वाटतं, फक्त इथे वन्स मोअर बऱ्याचदा प्रेक्षकाने दिलेलाच नसतो, तो निर्मात्याच्या ऑफिसातून येतो.

आता दृश्यमवर येतो, कारण गोव्यात बसून सिक्वेलवर बोलायचं आणि विजय साळगावकरला टाळायचं हे शक्य नाही. ज्यांनी दुसरा भाग बघितला नाहीये त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, नंतर शिव्या नको. मूळ मल्याळम 2013 चा, जीतू जोसेफचा, त्यात मोहनलाल. हिंदी 2015 चा, निशिकांत कामतांचा, आणि त्यात ती केबलवाल्याची गोष्ट केरळातून उचलून आपल्या गोव्यात आणून ठेवली, पांडोळी नावाच्या गावात. असं गाव नकाशात शोधू नका, पण साळगावकर, गायतोंडे, 2 ऑक्टोबर, पणजीतला सत्संग आणि पावभाजी, एवढ्यावर आपल्याला तो आपलाच वाटला. (सगळे जण घरीदारी हिंदीच कसे बोलतात हा प्रश्न विचारायचा नाही, तो विचारायला लागलो तर गोव्यावरचा एकही हिंदी सिनेमा उरणार नाही.)

पहिल्या दृश्यमचा शब्द काय होता? चौथी नापास माणूस सिनेमे बघून बघून एवढा तयार झालाय की पोलिसांना तो खोटी आठवण खरी म्हणून विकू शकतो. शेवटी पोलीस स्टेशनच्या फरशीखाली काय आहे ते आपल्याला कळतं आणि आपण टाळ्या वाजवतो. पण टाळी वाजवताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो की एका आईचा मुलगा मेलाय आणि तिला त्याची हाडंसुद्धा मिळालेली नाहीत. दुसरा भाग बरोबर तिथे येऊन उभा राहतो. मल्याळम 2021 ला थेट ओटीटीवर आला, हिंदी 2022 च्या नोव्हेंबरात, कामत तोपर्यंत गेले होते, दिग्दर्शन अभिषेक पाठकचं, आणि त्या वर्षीच्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही तो दाखवला होता. सात वर्षं झालीत. साळगावकर आता थिएटरचा मालक आहे, दारू प्यायला लागलाय, सिनेमा काढायचा म्हणतोय. मोठ्या मुलीला फिट्स येतात, दारावर पोलिसाची गाडी थांबली की तिचं अंग थरथरायला लागतं. बायको शेजारणीजवळ मन मोकळं करायला जाते आणि ती शेजारीणच पोलिसांनी बसवलेली निघते. गावातली जी माणसं पहिल्या भागात याच्या बाजूने उभी होती तीच आता मागून कुजबुजतात. म्हणजे पहिल्या भागात जे फुकट सुटल्यासारखं वाटलं त्याचं बिल इथे येतं, हप्त्याहप्त्याने येतं. आणि शेवटची ती हाडांची युक्ती, ती थोडी अति आहे हे मान्य, पण तीसुद्धा पहिल्या भागाच्याच नियमातून आलेली आहे. सिनेमावेडा माणूस शेवटी पटकथा लिहूनच सुटतो, दुसरं काय करणार तो. पहिला भाग आता परत बघा, शेवटाला टाळी वाजवायला हात तेवढ्या पटकन उठत नाही. दुसऱ्या भागाने पहिला जड केला. मला सिक्वेलकडून हेच पाहिजे असतं.

तिसराही येतोय म्हणतात. येऊ दे. भीती एवढीच की साळगावकर हळूहळू हरूच न शकणारा माणूस होऊन बसेल, मग सगळी मजाच गेली, कारण त्याची गंमत तो घाबरलेला असतो यात आहे.

आणि हेच सिंघमचं झालं. इथे माझं डिचोलीच्या आतेभावाशी जुनं भांडण आहे, तो सिंघमचा कट्टर भक्त, तिन्ही भाग पहिल्या दिवशी बघितलेला माणूस. मी त्याला म्हणतो की 2011 चा पहिला सिंघम का आवडला तुला ते आधी सांग. तो म्हणतो, ॲक्शन. मी म्हणतो खोटं. ॲक्शन त्या वर्षी दहा सिनेमांत होती. त्यात आवडलं ते हे की शिवगडसारख्या सीमेवरच्या लहान गावातला फौजदार, गावातल्या प्रत्येक घराशी ओळख असलेला, त्याची बदली होते कोलव्याला आणि तिथे त्याला कळतं की इथे आपण कुणीच नाही. जयकांत शिक्रे त्याच्याच गावात येऊन दम देतो तेव्हा गाड्यांसमोर गाव उभं राहतं, तिथे त्याची ताकद कळते, आणि कोलव्यात तो एकटा पडतो तिथे त्याची हतबलता कळते. प्रकाश राजचा शिक्रे भारी वाटला तो याच्यामुळे. आणि कदम इन्स्पेक्टरच्या बायकोचा तो धागा, खोट्या आरोपाने नवरा गेलेला, तो नसता तर पिक्चर नुसता गाड्या उडवण्याचा झाला असता. हाही मूळचा आपला नाही, तमिळ सिंगमचा रिमेक, पण माती बदलून लावला आणि लागला.

दुसऱ्यात, 2014 ला, सिंघम मुंबईत. तिसऱ्यात, 2024 च्या दिवाळीत, काश्मीर, श्रीलंका, रामायण, आणि मदतीला हिंदी सिनेमातले अर्धे हिरो हेलिकॉप्टरने. आतेभाऊ म्हणतो, ‘तू बघायला येतोस कशाला मग, घरी बसून नाटक्यांची पुस्तकं वाच.’ ठीक आहे, मजा येते त्याला, थिएटरात शिट्ट्या मारताना मीही थोडा हसतोच, पण मला सांग, आता त्या माणसाची बदली करून कोण त्याला घाबरवणार? ज्याच्या एका फोनवर फौज येते तो एकटा कसा पडणार? आणि एकटा पडू शकत नसेल तर तो बाजीराव सिंघम कसला. नाव तेच राहिलं, वर्दी तीच राहिली, गाव गेलं. भूलभुलैयाने शब्द ठरवून मोडला, सिंघमला आपण काय बोललो होतो त्याची आठवणच राहिली नाही. दुसरं जास्त वेळा होतं.

कुणीतरी लगेच गॉडफादरचा दुसरा भाग काढेल, 1974 चा, ऑस्करवाला. तो ठेवा बाजूला, आपल्याकडेच लगे रहो मुन्नाभाई आहे. 2006 चा. आणि त्यात तर गोष्ट पुढेच नेलेली नाही, पहिल्यातलं मेडिकल कॉलेज गायब, पहिल्यातली डॉक्टरीण गायब, आईवडील गायब, जणू काही घडलंच नाही. कागदावर बघितलं तर हा सगळ्यात मोठा घोटाळा. पण शब्द मोडला का? नाही. पहिल्याचा शब्द असा होता की हा टपोरी मोठ्या शहाण्यांच्या जागेत घुसणार आणि साध्या माणुसकीने त्यांना गार करणार, जादूची झप्पी हे त्याचं औषध. दुसऱ्यात झप्पीच्या जागी गांधीजी आले. दिलीप प्रभावळकरांनी जो गांधी केलाय त्यात पुतळ्याचा अंशही नाही, मुन्नाशेजारी बसून हळूच सुचवणारा म्हातारा आहे तो. हे म्हणजे बरोबर ती दुसऱ्यांदा घेतलेल्या पदातली जागा. त्यामुळे गोष्ट पुढे गेली की नाही, तेच नट आहेत की नाही, असल्या हिशेबाने सिक्वेल जोखण्यात अर्थ नाही.

प्रभावळकरांवरून आठवलं, तात्या विंचूही तेच. झपाटलेला 1993 चा, तो बाहुला रामदास पाध्यांचा, आणि आमच्या पिढीतली निम्मी पोरं त्यानंतर कपाटातल्या बाहुलीकडे पाठ करून झोपायची नाहीत. दुसरा भाग 2013 ला आला, थ्रीडीत. बाहुला होता, प्रभावळकर होते, महेश कोठारे होते, नव्हता तो लक्ष्या. 2004 ला गेला तो. आणि दुसरा भाग बघताना कळलं की पहिल्यात आपल्याला भीती बाहुल्याची वाटत नव्हती, लक्ष्या ज्या पद्धतीने घाबरायचा त्याची वाटायची, आधी घाम, मग तोतरेपणा, मग ती पळापळ. थ्रीडीने बाहुला अंगावर आला पण घाबरायला समोर कुणी नव्हतं. यात कुणाची चूक आहे असं नाही म्हणत मी, काही सिनेमे एका माणसावर उभे असतात, तो नसला की थांबावं.

नवरा माझा नवसाचाबद्दल मात्र मी जरा पक्षपाती आहे. पहिल्यात एसटी, दुसऱ्यात कोकण रेल्वे, पहिल्यात अशोक सराफ कंडक्टर, दुसऱ्यात टीसी. वीसेक वर्षांनी सचिननी काढला, 2024 च्या गणपतीच्या मोसमात, आणि बघायला आलेले लोक मामांच्या एन्ट्रीलाच हसायला लागले, अजून काही बोललेसुद्धा नव्हते ते. पिक्चर म्हणून बघाल तर पातळ आहे, अर्धे विनोद पहिल्याच्या आठवणीवर उधारीने चालतात. पण शब्द पाळलाय. पहिला होता गाडीभर अतरंगी माणसं आणि एक नवस, दुसराही तेच आहे, उगाच दुबईला वगैरे नेलं नाही. मुंबई-पुणे-मुंबईचं उलटं, तिथे नाव राहिलं आणि प्रवास संपला, पहिल्यात दोन अनोळखी माणसं आणि पुण्यातला एक दिवस यात जी नजाकत होती ती पुढे लग्नाच्या मांडवात आणि बाळाच्या पाळण्यात सापडली नाही. वाईट नाहीत ते, नुसते गोड आहेत.

आता कांतारा. 2022 चा पहिला भाग मी बघितला तेव्हा थिएटरात पेडण्या-सत्तरीकडची बरीच माणसं होती आणि शेवटच्या वीस मिनिटांत कुणी मोबाईल काढला नाही. आमच्याकडे गाव राखणाऱ्या राखणदाराला रोट ठेवतात, देवचाराच्या वाटेत मध्ये उभं राहू नये म्हणतात, त्यामुळे तुळुनाडूचं, म्हणजे कर्नाटकाच्या किनारपट्टीचं, दैव आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. जमीन कुणाची, शब्द कुणी दिला आणि मोडला कुणी, एवढीच गोष्ट. 2025 च्या 2 ऑक्टोबरला त्याचा आधीचा काळ दाखवणारा भाग आला, कदंब राजवटीतला. कदंब म्हटल्यावर आम्हाला आधी गोव्याची सरकारी बसच आठवते हा भाग वेगळा. सिनेमा प्रचंड आहे, लढाया प्रचंड आहेत, ऋषभ शेट्टी जीव तोडून काम करतो. पण पहिल्यात देव दिसत नव्हता, माणसाच्या अंगात त्याचा फक्त आवाज यायचा आणि अंगावर काटा यायचा. इथे इतकं दिसतं की काटा यायला सवड मिळत नाही. तरी मी याला पास करीन, कारण ज्या दैवाला पहिल्याने खरं मानलं त्याला दुसऱ्यानेही खरं मानलंय, थट्टा केली नाही.

पण कांताराची मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पहिला भाग 30 सप्टेंबरला कन्नडमध्ये लागला, हिंदी डब झालेला पंधरवड्याने आला, म्हणजे आधी लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि मग तो पसरला. त्याला पसरायला दिवस मिळाले. हेच आता मिळत नाहीयेत, आणि सिक्वेलविरुद्ध कुणाला खरंच आरडाओरड करायची असेल तर ती इथे करावी. 2024 च्या त्या दिवाळीला सिंघमचा तिसरा आणि भूलभुलैयाचा तिसरा एकाच दिवशी लागले, कुणाला किती स्क्रीन यावरून देशभर ओढाताण झाली. मोठ्या शहरात ठीक आहे, तिथे पडदे खूप. गोव्यात किती? पणजी, पर्वरी, मडगाव आणि इकडेतिकडे थोडे, जुनी एकपडदा थिएटरं बरीचशी बंद पडलेली. दोन हत्ती एकदम आत शिरले की बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं? नवा मराठी सिनेमा सकाळी साडेनवाला, नाहीतर रात्री सव्वादहाला. कोंकणी सिनेमाची तर बातच नको, तो बिचारा रवींद्र भवनातून, गावच्या हॉलमधून फिरतो आणि आपला प्रेक्षक आपणच गोळा करतो.

थिएटरवाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते खोटं नाहीये. लोक सिक्वेललाच येतात, नाव ओळखीचं असतं, चौघांच्या कुटुंबाचा तिकीट आणि पॉपकॉर्नचा खर्च बघता अनोळखी सिनेमावर कुणी जुगार खेळत नाही. मान्य. पण हे ओळखीचं नाव तयार कुठे झालं? दृश्यम, कांतारा, मुन्नाभाई, सगळे पहिल्यांदा आले तेव्हा अनोळखीच होते ना? आज सव्वादहाच्या शोला टाकलेला सिनेमा उद्या कुणाचा पहिला भाग होणार होता हे कळायच्या आत तो उतरलेला असतो. मग आणखी दहा वर्षांनी सिक्वेल काढायचा कशाचा? परत मंजुलिकाच?

महाराष्ट्रात 2015 साली नियम झाला की मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायचा, आणि मग प्राइम टाइमची व्याख्या दुपारी 12 ते रात्री 9 अशी ताणली. म्हणजे बाराला लावला तरी नियम पाळला. तो नियम आपल्याला लागू नाही आणि तसाच्या तसा इथे आणावा असंही मला वाटत नाही, दुपारी बाराला ऑफिस सोडून कोण येणार. गोव्याचा प्रश्न घड्याळापेक्षा बसचा जास्त आहे. साखळी, वाळपई, काणकोणकडच्या ज्या माणसाकडे स्वतःची गाडी नाही त्याला रात्रीचा शो म्हणजे नाहीच, सुटल्यावर घरी जायला काही मिळत नाही. त्याला परवडतो तो चार-साडेचारचा शो, फार तर सहाचा, आणि नेमके तेच दोन्ही शो पहिले दोन आठवडे सगळ्या पडद्यांवर एकाच सिनेमाचे असतात. 2025 च्या सप्टेंबरात दशावतार आला, परत प्रभावळकरच, कोकणातला दशावतारी कलाकार, ही तर आमच्या अंगणातली गोष्ट, आणि माझ्या ओळखीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर दशावतार बघितला त्यांना तो बघायला मिळाला तो नातवाने रविवारी गाडी काढली म्हणून. उद्या त्याचाही दुसरा भाग कुणी काढला तर नवल नाही, आणि त्याला मात्र संध्याकाळचे सगळे शो मिळतील बघा.

आतेभावाला मी हेच म्हटलं, तुझा सिंघम चौथ्यांदा येऊ दे, पाचव्यांदा येऊ दे, पाचातले चार पडदे त्याला दे. पाचव्या पडद्यावरचा साडेचारचा आणि सहाचा शो दोन आठवडे ज्याचं नाव कुणी ऐकलं नाही अशा एखाद्या मराठी किंवा कोंकणी सिनेमाला ठेवायचा, रिकामा गेला तरी ठेवायचा. तो म्हणाला थिएटरवाला ऐकणार नाही. इफ्फीच्या आठ-नऊ दिवसांत मात्र याच पणजीत कुठल्या कुठल्या देशातल्या, नाव उच्चारता येत नाही अशा सिनेमांना आपले लोक पास गळ्यात घालून रांगा लावतात, तेव्हा ऐकतो की.